छत्तीस खडे

“ताम्हिणीचा माणूस वाहून गेला म्हणे,” वेधशाळेच्या नकाशावर आकडे मांडणारा कारकून म्हणाला. “रविवारी. चौकीवरून आत्ता फोन आला होता. केंद्र यादीतून काढून टाकायचं का, ढमालेसाहेब?”

वाल्मीक ढमाले टेबलावर वाकून रेषा ओढत होता. एक हजार सहा मिलिबार दाबाची रेषा अरबी समुद्रातून येऊन कोकणच्या किनाऱ्याला भिडली होती आणि पेन्सिलीचं टोक श्रीवर्धनच्या आसपास होतं. कारकुनाचं बोलणं त्याला स्वच्छ ऐकू आलं, तरी हात थांबला नाही. रेषा किनाऱ्यावरून आत आली, घाट चढली, ताम्हिणीच्या रिकाम्या वर्तुळाला बगल देऊन सोलापूरकडे सरकली. सोलापूरला पोचल्यावर मग त्यानं पेन्सिल खाली ठेवली. आपण माणूस मेल्याचं ऐकलं आणि रेषा पुरी केली, हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा बोटांना लागलेलं शिसं तो उगाचच रुमालाला पुसत होता. सोमवारपासून ते वर्तुळ रिकामं होतं. आज गुरुवार. चार दिवस तिथून पावसाचा आकडा आला नव्हता आणि चार दिवस त्यानं मनात म्हटलं होतं, रुसलाय वाटतं.

“काढायचं ना?” कारकुनानं पुन्हा विचारलं.

“थांबा जरा. नाव काय होतं त्याचं?”

नाव त्याला ठाऊक होतं. धुळाजी मरगळे. धनगर. चौथी शिकलेला. तीन वर्षांपूर्वी वाल्मीकनंच त्याला नेमलं होतं. कारकून यादी चाळायला लागला तसा वाल्मीक उठला आणि खिडकीपाशी गेला. बाहेर पुण्याचा पाऊस पडत होता, छत्री न उघडताही चालता येईल असा.

या खोलीत तो अकरा वर्षं नकाशे रेखत होता. सकाळी साडेआठला सगळ्या देशात माणसं एकाच वेळी आपापल्या उपकरणांपाशी जातात, आकडे वाचतात आणि तारेनं, फोननं, बिनतारी यंत्रानं धाडतात. दहाच्या सुमाराला ते आकडे छापील नकाशावर आपापल्या जागी उतरतात. प्रत्येक गावाला एक बारीक वर्तुळ. आभाळ जेवढं भरलेलं तेवढं वर्तुळ काळं करायचं, वाऱ्याची दिशा दाखवणारी काडी काढायची, भोवती हवेचा दाब, तापमान, तांबड्या शाईत पाऊस. तोवर तो नुसता ठिपक्यांचा कागद असतो. मग वाल्मीक पेन्सिल घेई आणि सारखा दाब असलेल्या जागा एकेका रेषेनं जोडत जाई. तासाभरात कागदातून आभाळ वर येई. रेषा दाटल्या की तिथं वारा जोराचा. रेषा मिटून गोल झाली आणि आत दाब कमी असला की वारा त्या गोलाभोवती घड्याळाच्या उलट फिरणार, ढग गोळा करणार. किनाऱ्यालगत रेषेला जरासं पोट सुटलं, तर समुद्रात एक लहानसा भोवरा दडलाय आणि तो घाटावर पाणी ओतणार. हे सगळं त्याला न शिकवता आल्यासारखं येई. नव्या पोरांना तो सांगायचा, आकड्यांचं फार ऐकू नका, शेजारी बघा. दहा माणसं एक सांगतायत आणि अकरावा भलतंच सांगतोय, तर अकराव्याचं घड्याळ चुकलंय, नाहीतर डोळे. रेषा गुळगुळीत हवी. निसर्गात कोपरे नसतात. साहेब त्याच्या रेषांचं कौतुक करायचे, आणि त्याला स्वतःलाही त्या आवडायच्या.

अठ्ठावीस जूनला ताम्हिणीहून आकडा आला होता, अठरा इंच बेचाळीस सेंट, म्हणजे इंचाचे बेचाळीस शतांश. कारकुनानं तो लाल शाईत मांडला आणि हसत म्हणाला, “बघा, धनगरानं समुद्रच मोजला.” आजूबाजूला कुठं तीन इंच, कुठं चार, महाबळेश्वरला पाच. वाल्मीकनं क्षणभर बघितलं आणि अठरामधला एक खोडून टाकला. आठ इंच बेचाळीस. तेही जास्तच होतं, पण चाललं असतं. त्याच सकाळी श्रीवर्धनपासून पन्नास मैलांवरच्या एका जहाजानं पूर्वेचा वारा कळवला होता. पावसाळ्यात तिथं पूर्वेचा वारा कसा असेल? जहाजावरचे खलाशीही कधी होकायंत्र उलटं वाचतात. त्याही काडीभोवती त्यानं शंकेची खूण केली आणि रेषा सरळ नेली. दोन आकडे, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नसलेले, एक समुद्रातला आणि एक घाटातला. आता खिडकीशी उभं राहून त्यानं ते दोन्ही खरे धरले. किनाऱ्याबाहेर रेषेला पोट आलं. पोटाच्या वरच्या अंगाला पूर्वेचा वारा आपोआप बसला, खालच्या अंगाचा वारा समुद्र उचलून घाटावर आपटत होता आणि समोर नेमकं ताम्हिणी होतं. इतकं सोपं होतं ते. पहिल्या वर्षाच्या पोरानंही काढलं असतं.

आणि त्या दिवशी दुपारी त्यानं धुळाजीला चिठ्ठी लिहिली होती. तिची वाक्यं त्याला एकामागून एक आठवली, कारण असली वाक्यं तो नेहमीच लिहायचा. आपल्या केंद्राच्या आजच्या नोंदीबद्दल शंका आहे. आजूबाजूच्या केंद्रांशी ती जुळत नाही. मोजताना पात्रांची संख्या चुकलेली दिसते. यापुढे अतिवृष्टीच्या दिवशी दर तीन तासांनी समक्ष जाऊन मोजणी करावी. हलगर्जीपणा आढळल्यास केंद्र बंद करण्याचा विचार करावा लागेल. खाली सही नव्हती, ऑफिसचा शिक्का होता.

रविवारी दुपारी चार वाजता धुळाजी पाऊस मोजायला ओढा ओलांडत होता, एवढंच चौकीवाल्यानं फोनवर सांगितलं होतं. दुपारी चार वाजता. पूर्वी तो सकाळी एकदाच जायचा.

घरी त्याची बायको लीला ओट्याशी उभी राहून तांदूळ निवडत होती. ताट तिनं उजव्या बाजूला, खिडकीकडे सरकवून घेतलं होतं आणि मान किंचित तिरपी केली होती. डाव्या डोळ्यानं तिला आता काहीच दिसत नव्हतं. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी ती पहिल्यांदा म्हणाली होती, डाव्या अंगानं काहीतरी काळं आत सरकतंय. तो म्हणाला, जागरण झालं असेल. मग म्हणाली, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. तो म्हणाला, सगळ्यांनाच दिसतात. त्यानं खरोखरच त्या संध्याकाळी दिव्याकडे बघून खात्री केली होती आणि त्याला कडं दिसलं नव्हतं, तरी तो तसं म्हणाला होता. मार्चमध्ये डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस काय करत होता? आणि लीलानं वाल्मीककडे बघितलंही नाही. कडेनं अंधार मिटत येतो आणि मधला उजेड लहान होत जातो, असं डॉक्टर समजावून सांगत होते, तेव्हा त्याच्या मनात बंद होत जाणाऱ्या रेषा आल्या होत्या आणि त्याचा त्याला भयंकर राग आला होता.

“रविवारी मुळशीकडे जाऊन येतो,” तो म्हणाला.

“कुणाकडे?”

त्यानं सांगितलं. चिठ्ठीचंही सांगितलं. सांगताना तो खिळ्याला टांगलेल्या कंदिलाकडे बघत होता. लीलानं दोन खडे बाजूला काढले.

“त्यांना हे सांगणार आहात?”

“बघू.”

“माझ्या डोळ्यांबद्दल चुकलं, हे मला तरी कुठं सांगितलंत,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिनं ताट उचललं, डाव्या हातानं दाराची चौकट चाचपली आणि आत गेली. तिच्यामागे जावं, काहीतरी बोलावं असं त्याला वाटलं, आणि तो बसून राहिला.

रविवारी पौडपर्यंत एस.टी. भरलेली होती. पुढे मुळशीपासून ती रिकामी झाली आणि तलावाच्या काठाकाठानं हळूहळू चालली. काचेतून बाहेर काही दिसत नव्हतं, तलाव आणि पाऊस एकाच रंगाचे झाले होते. या पाण्याखाली त्याचं गाव होतं. त्याला ते आठवायचं कारण नव्हतं, धरण झालं तेव्हा तो आईच्या कडेवर होता. पण माण गावी, दुसऱ्यांच्या गोठ्याला लागून बांधलेल्या खोपटात तो वाढला तेव्हा वडील कुणीही आलं की ते सांगायला बसत. मोजणीवाले आले हुते, कागद घिऊन. त्यास्नी म्हनलं, हितं आमची घरं हायेत. तर म्हनले, नकाशात न्हाईत. पोरानं शिकावं आणि नकाशे काढणाऱ्यांत जाऊन बसावं असं वडिलांना वाटलं, ते यातूनच की काय कुणास ठाऊक. तो शिकला. हाय, न्हाई, कुटं, लई हे सगळं त्यानं जिभेवरून खरवडून काढलं. ऑफिसात कुणाला संशय येत नसे. घरात आईशी बोलतानाही तो पुण्याचंच बोलायला लागला तेव्हा आई त्याला पाहुण्यासारखा चहा बशीत ओतून द्यायला लागली.

आणि तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात तोच एक कागद घेऊन या रस्त्यानं आला होता. पर्जन्यमापक बसवायला जागा शोधायची होती. झाडापासून लांब, घरापासून लांब, उघडी सपाट जमीन. रस्त्याच्या अंगाला, देवळाच्या पुढे तशी जागा मिळाली. मोजायला माणूस कुणी मिळेना. शाळामास्तर दर वर्षी बदलून जायचा. मग ओढ्यापलीकडे राहणारा हा धनगर आला, खांद्यावर घोंगडी, आणि म्हणाला, मी मोजीन की, आकडे येत्यात मला. खड्ड्यात भांडं बसवताना त्यानं स्वतः माती ओढली. मग उठून ओढ्याकडे बघत म्हणाला, “सायेब, पावसाळ्यात हितनं लई पानी जातंया. भांडं माझ्या अंगाला बसवलं तर?” ओढा तेव्हा कोरडा होता. त्यातून एक शेळी चालली होती. वाल्मीकला हसू आलं होतं. “तुला सकाळी एकदाच तर यायचंय रे,” तो म्हणाला होता. “पलीकडे झाडं आहेत. नियमात बसत नाही.” “बरं,” धुळाजी म्हणाला. त्यानंतर मोजपात्र कसं धरायचं, पाण्याचा मधला खोलगट भाग डोळ्याच्या पातळीला आणून कसा वाचायचा, ते वाल्मीकनं त्याला दाखवलं. पात्र अर्ध्या इंचाचं. पाऊस जास्त असेल तर भरायचं, ओतायचं, पुन्हा भरायचं. मोजणी चुकू नये म्हणून काय करशील? धुळाजीनं जमिनीवरून एक खडा उचलून दाखवला होता. दर भांड्याला एक. वाल्मीकला ते आवडलं होतं. ऑफिसात परत आल्यावर त्यानं ही गोष्ट दोघातिघांना गंमत म्हणून सांगितली होती.

बसमधून उतरून दोन मैल चालल्यावर देऊळ आलं. पुढच्या माळावर पर्जन्यमापक उभा होता, कुंपणाची एक काठी मोडलेली. त्यानं वरचं नरसाळं उचलून बघितलं. आतली बाटली गळ्यापर्यंत भरून बाहेरच्या डब्यातही पाणी साचलं होतं आणि ते आता काठावरून सांडत होतं. आठवडाभराचा पाऊस. त्याचा आता काही हिशेब लागणार नव्हता. त्यानं नरसाळं पुन्हा बसवलं. ओढ्यापलीकडून एक माणूस त्याच्याकडे बघत होता. त्यानं हात वर केला, काठी टेकत पाण्यात उतरला आणि या काठाला आला.

“मी पिराजी,” तो म्हणाला. “धुळाजीचा थोरला भाऊ. हापिसातनं आलाव न्हवं? चला. हात द्या.”

पाणी गुडघ्याच्या वर होतं. तळाचे दगड सरकत होते आणि पायांना थंडी लागत नव्हती, नुसता धक्का लागत होता, न थांबणारा. पिराजीचा हात खरखरीत आणि गरम होता. त्या हाताला धरून पलीकडे जाताना वाल्मीकला वाटलं, तीन तासांनी एकदा. सकाळी साडेआठ, साडेअकरा, अडीच, आणि मग पुन्हा, मध्येच शंका आली म्हणून, चार.

घर कारवीच्या कुडाचं होतं. आत धूर होता आणि मेंढरांचा वास. धुळाजीची बायको कोंडाबाई चुलीपासून थोडी लांब भिंतीला टेकून बसली होती. कपाळ मोकळं. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्याला बसायला पोतं सरकवलं.

“भांडं न्याया आलाव जनू,” ती म्हणाली. “काचंचं न्हाई आता. त्येंच्यासंगंच गेलं. बाकीचं पल्याड हाय, घिऊन जावा.”

“भांड्यासाठी नाही आलो.”

“मग?”

“वाईट झालं,” तो म्हणाला.

“तिसऱ्या दिशी तळ्यात घावला,” पिराजी म्हणाला. तो निखारे सारखे करत होता. “मी म्हनलं हुतं त्येला, नगं जाऊ, उद्या सकाळच्याला बगू. तर म्हनला, दादा, हापिसाचा हुकूम हाय.”

कोंडाबाई उठली. फळीवरून तिनं एक वही काढली आणि वहीतून घडी घातलेला कागद. घडीवर घडी पडून तो चिंध्यांसारखा मऊ झाला होता. तिनं तो त्याच्या पुढ्यात ठेवला. तो न उघडताही त्याला आपलं अक्षर दिसलं.

“ही चिट्टी आल्यापासनं त्येनी नीट जेवन केलं न्हाई,” ती म्हणाली. “शाळंत मास्तरांनी वाचली, धा मानसांत. मानसं हसली. त्येस्नी समदी पाऊसवाला म्हनायची, तवर बरं वाटायचं. मग खोटा पाऊसवाला म्हनाया लागली. मला रोज म्हनायचं, कोंडे, तू हुतीस न्हवं, तूच सांग. मी हुते की. इरलं धरून हुबी हुते त्येंच्यावर. छत्तीस खडं. मी सवता मोजलं. छत्तीस, आन् वर आनिक थोडं.”

छत्तीस अर्धे म्हणजे अठरा. वर बेचाळीस सेंट. वाल्मीकनं मान खाली घातली.

“ही कुनी लिवली?” कोंडाबाईनं विचारलं.

“ऑफिसातून आली.”

“हापिसातनं म्हंजे? हापिसाला हात असत्यात व्हय?”

बाहेर पावसाचा आवाज वाढला. आता बोलता येईल, म्हणता येईल की वरचे साहेब सांगतात, आम्ही लिहितो. ते निम्मं खरंही होतं. पिराजी निखाऱ्यांत काटकी फिरवत होता. ही दोघं आपल्यावर विश्वास ठेवतील हे वाल्मीकला पक्कं ठाऊक होतं. सांगू ते खरं धरतील.

“मीच लिवली,” तो म्हणाला.

लिवली. वीस वर्षांत हा शब्द त्याच्या तोंडून असा आला नव्हता. पिराजीची काटकी थांबली. कोंडाबाई त्याच्याकडे बघत राहिली, जणू आता तो कुठल्या गावचा आहे हे तिला कळलं होतं आणि त्यानं काहीच बदललं नव्हतं.

“तुमी तवा हितं आलता बगायला?”

“न्हाई.”

“मग खोटं हाय म्हनून कसं कळलं तुमास्नी?”

“आजूबाजूला कुठंच एवढा पडला नव्हता.”

“मग?” ती म्हणाली. “हितं पडला.”

तो तिला रेषा समजावून सांगू शकला असता, शेजारच्या केंद्रांचे आकडे, जहाज, होकायंत्र. अकरा वर्षांत त्यानं जे जे शिकवलं ते सगळं त्या दोन शब्दांपुढे उभं राहीना. त्याला लीलाची तिरपी मान दिसली, ताटावर वाकलेली. त्यानं डोळे मिटले तर अंधार कडेनं आत सरकायला लागला, म्हणून पुन्हा उघडले.

“त्येंचं बरुबर हुतं का?” कोंडाबाईनं विचारलं. “तेवडंच सांगा. मला बाकी काय नगं.”

“बरोबर होतं. अठरा इंच बेचाळीस. माझं चुकलं.”

“मग लिवा तसं.”

तिनं वही उघडून दिली. धुळाजीचं अक्षर मोठं आणि दाबून काढलेलं होतं, एका ओळीत एकच आकडा. अठ्ठावीस जूनचा आकडा त्यानं पुन्हा पुन्हा गिरवला होता, इतका की कागद तिथं फाटला होता. त्यापुढच्या तारखांना दिवसातून चारचार, पाचपाच नोंदी होत्या. सतरा जुलैला, त्या रविवारी, सकाळची, साडेअकराची, अडीचची. खाली कोरं. वाल्मीकनं खिशातलं पेन काढलं. फाटलेल्या आकड्यापुढे लिहिलं, ही नोंद बरोबर आहे, शंका घेणं ही माझी चूक होती, आणि खाली पूर्ण नाव. शिक्का नव्हता. शाई ओलसर कागदावर जराशी पसरली. वही आपल्याकडे ठेवावी, ऑफिसात दाखवावी असं त्याच्या मनात आलं, पण कोंडाबाईनं ती त्याच्या हातून घेतली होती. तिनं त्या ओळींकडे बघितलं. तिला वाचता येत नव्हतं.

“मास्तरांकडनं वाचून घिईन,” ती म्हणाली. “धा मानसांत.”

“घ्या.”

“भावजी,” ती पिराजीला म्हणाली, “ह्यास्नी पल्याड सोडून या. पानी चढाय लागलंया. मागनं उतार व्हायचा न्हाई.”

कुणी त्याला चहा विचारला नव्हता, हे त्याला बाहेर आल्यावर जाणवलं. पिराजी पुढे होता. ओढा तासाभरात ओळखू येईनासा झाला होता. पाणी लाल, त्यात पालापाचोळा, फांद्या, आणि खालून दगड गडगडत गेल्याचा आवाज. पिराजीनं त्याचं मनगट धरलं. ते उतरले. पाणी मांड्यांपर्यंत आलं, मग कमरेपर्यंत. मध्यावर पिराजी थांबला.

“हितनं,” तो म्हणाला.

वाल्मीकला आधी वाटलं की तो वाट दाखवतोय. मग कळलं. पिराजी पाण्याकडे बघत होता, ते जिथून येत होतं तिकडे नव्हे, जिथं जात होतं तिकडे. त्याची पकड सैल झाली नव्हती, घट्टही झाली नव्हती. त्यानं बोटं नुसती उघडायची होती. त्यात कुणाचा काही दोष दिसला नसता, ओढ्याला पाणी होतं आणि शहरातल्या माणसाला चालता येत नव्हतं. चौकीवरून फोन गेला असता. आणि ते न्याय्य झालं असतं, असं वाल्मीकच्या डोक्यात अगदी थंडपणे, नकाशावर एखादी रेषा जाऊन मिळावी तसं येऊन मिळालं. पण त्याचं डोकं हे ठरवत होतं तेव्हाच त्याच्या मोकळ्या हातानं पिराजीचा दंड पकडला होता, नखं रुतेपर्यंत. पायाखालचा दगड सरकला आणि त्याच्या तोंडून आवाज फुटला, जनावरासारखा. आपण जगायला इतके हपापलेले आहोत हे त्याला माहीत नव्हतं. त्याला त्याची अतोनात लाज वाटली आणि तरीही त्यानं हात सोडला नाही.

“सोडत न्हाई मी,” पिराजी म्हणाला. “चला.”

काठावर आल्यावर वाल्मीक दोन्ही हात टेकून चिखलात बसला. पिराजीच्या दंडावर नखांच्या खुणा उठल्या होत्या. त्यांच्याकडे पिराजीनं एकदा बघितलं, घोंगडी पिळून डोक्यावर घेतली आणि फिरला.

“थांबा,” वाल्मीक ओरडला. “उतार होऊ द्या. आता जाऊ नका.”

“घरात ती एकली हाय,” पिराजी म्हणाला आणि पाण्यात उतरला.

पाऊस इतका दाट झाला की मधला ओढा, पलीकडचा काठ, सगळं एकाच पांढऱ्या पडद्यामागे गेलं. पिराजीची काठी दिसत होती, मग तीही दिसेना. वाल्मीक काठाला उभा राहिला. पाणी त्याच्या पावलांवरून जायला लागलं तेव्हा तो एक पाऊल मागे सरला आणि तिथंच थांबला. एवढ्या अंतराला किती वेळ लागतो? मघाशी किती लागला होता? त्याला मोजता येईना. पिराजी या ओढ्यात जन्मापासून चालला आहे, तो पोचलाच असेल, असं मन म्हणालं. त्या गुळगुळीत वाक्याची त्याला शिसारी आली.

“पिराजी!” त्यानं हाक मारली. “पोचलात का?”

पाण्याचाच आवाज आला. त्यानं पुन्हा हाक मारली. मग पुन्हा. घसा बसला तरी तो ओरडत राहिला, पुण्याचं बोलणं सुटून गेलं, “पोचलासा का वो? आवाज द्या!” शेवटची एस.टी. साडेपाचला होती आणि ती चुकली तर चौकीवर रात्र काढावी लागली असती, तरी रस्त्याकडे वळायला त्याचे पाय तयार होईनात.

बऱ्याच वेळानं पलीकडून आवाज आला. बाईचा होता.

“भावजी पोचले!” कोंडाबाई ओरडली. थोडं थांबून, तितक्याच मोठ्यानं, “जावा आता. पुन्यांदा हिकडं येऊ नगा.”

“व्हय,” तो म्हणाला. तिला ते ऐकू गेलं नसणार. तो वळला आणि रस्त्याला लागला.